वऱ्हाडात उतरलेली अंतराळयाने

श्रोतेहो, वऱ्हाडच्या इतिहासावर भाषण म्हटले की आपण काय ऐकणार हे आपणांस अगोदरच ठाऊक असते. इमादशाही येते, गाविलगड आणि नरनाळा येतात, कापसाच्या गाठी येतात आणि दादासाहेब खापर्डे येतात. ह्या सर्वांवर बोलणारे माझ्याहून अधिकारी लोक अमरावती-अकोल्यात आहेत, आणि त्यांनी बोलावेच. मी मात्र आज दूरदर्शनच्या पडद्यावरून आमच्या घरांत उतरलेल्या अंतराळयानांविषयी आणि ती चालविणाऱ्या नटनट्यांविषयी बोलणार आहे. हा काय इतिहासाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. मलाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटत असे.

झाले असे. एकदा वर्गात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाबद्दल शिकवीत होतो. अमेरिका आणि रशिया ह्यांच्यातील अंतराळस्पर्धेचा भाग चालला होता. गंमत म्हणून मी मुलांना 'स्टार ट्रेक' ह्या जुन्या मालिकेतला दोन-तीन मिनिटांचा तुकडा दाखविला. पहिल्याच मिनिटाला वर्ग हसू लागला. पुठ्ठ्याच्या भिंती, लुकलुकणारे दिवे आणि रबराचे कान पाहून पोरांना हसू आवरेना. हसण्यासारखे होते हे खरे. पण मला ते हसणे थोडे लागले. घरी येताना विचार करू लागलो की ह्यात आपल्याला लागण्यासारखे काय होते? त्या विचारातून जे शोधत गेलो, ते आज सांगतो.

प्रथम हे चित्र आमच्याकडे आले कसे, ते पाहू. मुंबईत दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुण्याला ते लगेच पोहोचले. वऱ्हाडाला पुढे दहा-बारा वर्षे वाट पाहावी लागली. विदर्भात नागपूरचे केंद्र १९८२ साली आले, पण नागपूरच्या मनोऱ्यावरून अकोल्यापर्यंत चित्र कसे पोहोचणार? टेकड्या आड येतात, आणि पृथ्वीची गोलाईही आड येते. ह्याला उपाय एकच होता, तो म्हणजे आकाशातून चित्र खाली टाकणे. त्यासाठी 'इन्सॅट-१ अ' हा उपग्रह एप्रिल १९८२ मध्ये सोडला, तो सप्टेंबरातच निकामी झाला. मग 'इन्सॅट-१ ब' आला. तो अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एका शाखेने बांधला होता आणि 'चॅलेंजर' नावाच्या अंतराळ-विमानातून ३० ऑगस्ट १९८३ रोजी वर गेला. गेल्यावर त्याचा सौर-पंखा उघडेना. कर्नाटकातल्या हसनच्या नियंत्रण केंद्रात लोक हवालदिल झाले. सप्टेंबरच्या मध्यावर तो पंखा एकदाचा उघडला आणि देशाच्या चित्रवाणीचे भवितव्य सावरले. विषुववृत्तावर ७४ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर तो स्थिर झाला. अकोला ७७ अंशांवर आहे. म्हणजे हा उपग्रह आमच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला होता असे म्हणावयास हरकत नाही. आमच्या आजीच्या हिशेबाने दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे तोंड करून जेवायचे नाही, तिकडे पाय करून झोपायचे नाही. आणि सगळी करमणूक आली ती नेमकी तिकडूनच!

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८४ मध्ये, सरकारने धडाका लावला. जुलैपासून चार महिने देशात जवळजवळ रोज एक लहान प्रक्षेपण केंद्र सुरू होत होते. जिल्ह्याच्या ठिकाणी एक तबकडी दक्षिणेकडे तोंड करून उभी राहिली, तिच्याजवळ एक मनोरा, आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत चित्र. अमरावती-अकोल्यासारख्या गावांचे भाग्य उजळले ते ह्या लाटेत. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी मग उंचउंच बांबू लावून ते चित्र ओढून घेण्याचा प्रयत्न केला. बारा-पंधरा हात बांबूच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्या काड्या, त्यांवर कावळा बसला की खाली चित्र थरथरायचे.

आमच्या घरी अकोल्याला १९८५ साली संच आला. बाबा शाळेत शिक्षक होते. पगारातून हप्ते बांधून त्यांनी 'ईसी' टीव्ही घेतला, काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. ह्या ईसीची एक मौज मला फार उशिरा कळली. तो बनविणारी हैदराबादची सरकारी कंपनी अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतली होती. म्हणजे अणूवाल्यांनी बनविलेली पेटी, अंतराळातून येणारे चित्र, आणि ते पाहायला ओसरीत सतरंजीवर बसलेली गल्लीतली चाळीस माणसे! पेटीवर आईने क्रोशाचा रुमाल घातला होता. गच्चीवर एक जण, जिन्यात एक जण आणि पेटीसमोर एक जण, अशी साखळी लागायची. "आलं का?" "नाही, मुंग्या हायेत अजून!" "आता?" "आलं, आलं! हलू नको!" वरचा बिचारा हात वर धरून तसाच उभा. अर्धा भाग त्याने गच्चीवरच काढायचा.

रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागे. मालिका जुनी. अमेरिकेत ती ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६९ मध्ये बंद पडली. एकूण भाग ७९. तिकडे ती बंद पडून पंधरा वर्षे झाल्यावर आमच्याकडे ती ताजी म्हणून आली, आणि ती इंग्रजीत होती. आमच्या ओसरीत बाबा सोडले तर इंग्रजी कोणाला येत होते? पण मला वाटते, इंग्रजी कळत नव्हते म्हणूनच आम्हांला नट कळले. शब्दांचा आधार नसल्यामुळे आम्ही चेहरे वाचत होतो. कप्तान कर्क झालेला विल्यम शॅटनर खुर्चीत बसल्याबसल्या पुढे वाकला की काहीतरी संकट आले. डॉक्टर झालेला डीफॉरेस्ट केली कपाळाला आठ्या घालून कोणाशी तरी भांडायला लागला की प्रकरण माणुसकीचे. आणि स्पॉक! लिओनार्ड निमॉयने त्या माणसाला एक भुवई दिली होती. ती भुवई वर गेली की चाळीस माणसे गप्प. आजी पहिल्या दिवशी म्हणाली, "थ्या कानवाल्याले हसता येत नाही का रे? बिमार हाये वाट्टे." तिसऱ्या-चौथ्या रविवारी मात्र तिने निकाल दिला की ह्या सगळ्यांत शहाणा तोच. तिची दुसरी शंका कायमची होती : "काऊन रे, हे लोकं इमानातच राह्यतेत का? मंग जेवतेत कधी?" बाबा म्हणायचे, "आई, खोटं आहे ते सगळं." ती म्हणायची, "असंल. पन जेवतेत कधी?"

आता त्या पुठ्ठ्याच्या भिंतींविषयी. त्या मालिकेला पैसे कमी होते ही गोष्ट प्रसिद्ध आहे. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरलेले दाखविणे परवडत नव्हते, म्हणून माणसे एका जागी विरघळून दुसऱ्या जागी उमटतात ही युक्ती काढली. डॉक्टरच्या हातातली उपकरणे म्हणजे जेवणाच्या टेबलावरच्या मिठाच्या दाण्या होत्या. निमॉयने बोटे फाकवून हात वर करण्याची जी खूण रूढ केली, ती त्याने लहानपणी ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात पाहिलेल्या आशीर्वादाच्या मुद्रेवरून घेतली होती. सुलू झालेला जॉर्ज टाकेई हा जपानी वंशाचा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, त्यात हा लहानपणी आईबापांसह होता. त्यालाच पुढे त्या देशाने भविष्यातल्या जहाजाचे सुकाणू हाती घेतलेला पाहिला. हे लोक मिठाच्या दाणीकडे अशा गांभीर्याने पाहत की पाहणाऱ्याला तीत औषध दिसावे.

हे आमच्या आजीला नवे नव्हते. तिने दंडार पाहिली होती, खडी गंमत पाहिली होती. तिथे तर भिंतही नसते. पत्र्याचा मुकुट घातलेला, मिशीवर मेण लावलेला गावातलाच माणूस रावण म्हणून उभा राहतो, आणि तो खरेपणाने उभा राहिला तर रात्रभर कोणी उठत नाही. हसू येते ते त्याने स्वतःच्या मुकुटाला हसायला सुरुवात केली तर. अंतराळाच्या मालिकांचेही तसेच आहे. नट जर पुठ्ठ्याला पुठ्ठा म्हणून वागला, तर संपले. वर्गातल्या पोरांना मी हे सांगितले नाही, सांगायला हवे होते. त्यांनी भिंती पाहिल्या. आम्ही भुवई पाहिली होती.

जाता जाता आपल्याकडच्या एका नटीचे नाव घेतो. ह्याच 'स्टार ट्रेक'चा मोठा चित्रपट १९७९ मध्ये निघाला, त्यात मुंबईची पारशी कन्या पर्सिस खंबाटा हिने इलिया नावाच्या परग्रहवासिनीचे काम केले. १९६५ ची ती 'मिस इंडिया'. भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस काढले. केशसंभारावर कविता करणाऱ्या देशातल्या सौंदर्यवतीने हे करणे म्हणजे काय, ते आपण समजू शकता. १९९८ मध्ये मुंबईतच तिचे निधन झाले. आज तिचे नाव किती जणांना माहीत असेल!

एक गोष्ट मला विशेष वाटते. त्या वर्षांत आम्ही दिवाळीला अकोल्याहून आजोळी अमरावतीला जायचो. वाटेत मूर्तिजापूरला गाडी थांबे. पलीकडे अरुंद रुळांवर 'शकुंतला' उभी असायची, धूर सोडीत. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले. ते १९९४ पर्यंत चालले, मग डिझेल आले, आणि आज ती गाडीही थांबली आहे. रविवारी सकाळी प्रकाशाहून वेगवान जाणारे यान पाहायचे आणि त्याच आठवड्यात माणसाला धावत धरता येईल अशी आगगाडी. ह्यात आम्हांला काही विसंगत वाटत नव्हते. दोन्ही आमचीच होती. आणि तसे पाहिले तर आकाशातून काही तरी पडणे हे वऱ्हाडाला कुठे नवे? बुलढाणा जिल्ह्यातले लोणार घ्या. काळ्या कातळात जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला तो अशनीच्या आघाताने, हे शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये सप्रमाण दाखविले. आजी मात्र तिथे लवणासुर मारला गेल्याचे सांगे, आणि पुढे जोडून देई, "आभायातून पडलं असंल काईबी."

त्याच सुमारास एक जपानी मालिका लागायची, 'जायंट रोबोट'. एक मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलतो आणि डोंगराएवढा यंत्रमानव त्याचे ऐकतो. झाले! अकोल्यातली समस्त पोट्टी आपल्या मनगटाशी बोलू लागली. घड्याळ कोणाजवळ होते? शाईने काढलेले असायचे. शेवटच्या भागात तो यंत्रमानव मुलाची आज्ञा मोडतो, शत्रूला कवेत घेऊन अंतराळात जातो आणि उल्केवर आदळून नाहीसा होतो. त्या दिवशी आमच्या ओसरीत जे रडणे झाले, ते मी अनेक मोठ्या शोकांतिकांना झालेले पाहिलेले नाही.

आणि मग जानेवारी १९८६. त्या महिन्याच्या २८ तारखेला 'चॅलेंजर' उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात फुटले. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बातम्यांत ते चित्र दाखविले : निळे, म्हणजे आमच्या पेटीवर करडे, आकाश आणि त्यात दोन फाट्यांचा पांढरा धूर. मी पहिली-दुसरीत असेन. मला वाटले नवीन मालिका आहे. मी विचारले, "बाबा, हे खोटं आहे ना?" बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही रे. हे खरं आहे. एक मास्तरीण होती त्यात." क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका त्या सात जणांत होती. बाबांनी उठून टीव्हीची दारे सरकवून बंद केली. त्यानंतर 'खोटं आहे ते सगळं' हे त्यांचे वाक्य मी पुन्हा ऐकले नाही.

पुढच्या वर्षांत आपल्या देशातल्या नटांनी अंतराळात जायला सुरुवात केली. 'स्पेस सिटी सिग्मा' आली. तिच्यात कॅप्टन तारा हा नायक आणि झखाकू नावाचा खलनायक. थर्माकोल त्यात इतका होता की गणपतीच्या देखाव्यांना त्या वर्षी कमी पडला असेल! तरीही झखाकूचे नाव आजही आमच्या वयाच्या माणसापुढे काढा, तो ताबडतोब दहा वर्षांचा होतो. १९८९ मध्ये आनंद महेंद्रू ह्यांची 'इंद्रधनुष' आली. काही मुले, एक संगणक आणि देवयानी दीर्घिकेतून आलेला पाहुणा अशी ती गोष्ट. अकोल्यात आम्ही संगणक पाहिला नव्हता, तेव्हा संगणक आणि परग्रहवासी हे दोन्ही आम्हांला सारखेच अद्भुत. त्यात वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड होते. 'तुघलक' आणि 'हयवदन' लिहिणारा हा थोर नाटककार, 'उंबरठा'मुळे आपल्या ओळखीचा झालेला, मुलांच्या मालिकेत असा सहज वावरत होता की जणू घरोघरचे वडील असेच असतात. विज्ञानाविषयीची 'टर्निंग पॉइंट' ही मालिकाही ते सादर करीत. विज्ञान सांगताना आणि विज्ञानाची कल्पित गोष्ट करताना त्यांचा चेहरा एकच असे, हे मला फार मोलाचे वाटते. २०१९ मध्ये ते गेले. त्याच 'इंद्रधनुष'मध्ये ऊर्मिला मातोंडकर होती, आणि आशुतोष गोवारीकर होता, ज्याने पुढे २००४ मध्ये 'स्वदेस' काढून नासातल्या अभियंत्याला भारतातल्या खेड्यात आणून सोडले. करण जोहरही त्यात होता, पण त्याचे पुढचे प्रताप सर्वांना ठाऊक आहेत.

१९९७ मध्ये 'शक्तिमान' आला आणि २००५ पर्यंत राहिला. तोवर मी मोठा झालो होतो, त्यामुळे त्याच्यावर माझे तितके प्रेम नाही. धाकट्या चुलतभावंडांचे आहे. ती अंगणात गरगर फिरून पडायची. मुकेश खन्ना ह्यांना आम्ही भीष्म म्हणून पाहिले होते. ज्याच्या तोंडी प्रतिज्ञा शोभली, त्याच्या तोंडी शेवटचा उपदेशही शोभून गेला. दुसऱ्या कोणी 'हात धुवा' म्हटले असते तर पोरांनी ऐकले नसते. १९९८ ची केतन मेहता ह्यांची 'कॅप्टन व्योम' मला अधिक आवडली. गोष्ट २१२३ सालची, तुरुंगातून पळालेले बारा गुन्हेगार आणि त्यांच्या मागावर मिलिंद सोमण. संगणकावर काढलेली चित्रे त्यात प्रथमच एवढी दिसली. पण श्रोतेहो, खरे सांगू? चित्रे सुधारली तशा भुवया कमी झाल्या.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो. हे सगळे अंतराळ आम्हांला इंग्रजीतून आणि हिंदीतून मिळाले. मराठीत विज्ञानकथा नव्हती असे थोडेच आहे? मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा अनोळखी लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली, आणि मागाहून कळले की हे जगताप म्हणजे जयंत नारळीकर. नावाची आद्याक्षरे उलटी केलेली! १९७९ मध्ये त्यांचे 'यक्षांची देणगी' आले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ह्यांनी हा वाफा भरभरून पिकविला. मी अमरावतीच्या वाचनालयातून ही पुस्तके आणून आणून वाचली. ज्या भाषेने नाटकासाठी रात्री जागविल्या, तिने आपल्या विज्ञानकथेसाठी मात्र नट फारसे उभे केले नाहीत. कृष्णविवरात शिरणारा मराठी माणूस मला पडद्यावर पाहायचा होता. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, त्या दिवशी ही चुटपुट पुन्हा लागली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या यानात संदेश घेणारी-देणारी एक अधिकारी होती, उहुरा. कानाला यंत्र लावून बसलेली, लाल पोशाखातली, काळ्या वर्णाची. तिचे नाव 'उहुरु' ह्या स्वाहिली शब्दावरून घेतलेले. उहुरु म्हणजे स्वातंत्र्य. नटी निशेल निकोल्स. आमच्या ओसरीत तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. माझेही नव्हते. ती २०२२ च्या जुलैत वारली, तेव्हा मी तिच्याविषयी वाचू लागलो.

पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडून रंगभूमीवर जाणार होती. काम थोडे आणि तेच तेच. त्याच वेळी एका समारंभात तिची मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्याशी गाठ पडली. किंग स्वतः ही मालिका पाहत. ती सोडणार म्हणताच त्यांनी तिला तसे करू नये म्हणून आग्रह केला. काळ्या लोकांना पडद्यावर प्रथमच बरोबरीच्या नात्याने वागविलेले दिसते आहे, ते दार बंद होऊ देऊ नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय तिने पुढे अनेकदा सांगितला. ती थांबली. पुढे १९७७ मध्ये नासाला अंतराळवीरांची नवी भरती करावयाची होती, पण स्त्रिया आणि काळे लोक अर्जच करीत नव्हते. आपल्याला कोण घेणार, असे त्यांना वाटे. नासाने निकोल्सला बोलाविले. ही नटी देशभर हिंडली, महाविद्यालयांत गेली, भाषणे दिली. १९७८ मध्ये पस्तीस जणांची तुकडी निवडली गेली. तिच्यात सहा स्त्रिया होत्या, तीन काळे पुरुष होते. त्या तिघांपैकी एकाचे नाव गायन ब्लूफर्ड.

हा ब्लूफर्ड अंतराळात जाणारा पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन ठरला. तो कधी गेला? ३० ऑगस्ट १९८३ रोजी. कोणत्या यानातून? 'चॅलेंजर'मधून. आणि त्या पाच जणांच्या चमूने वर जाऊन सोडले काय?

'इन्सॅट-१ ब'.

हे वाचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी उठून घरातल्या घरात फिरू लागलो. पत्नीने विचारले, काय झाले? मला नीट सांगता येईना. म्हटले, रविवारी सकाळी आम्ही जिला पाहत होतो, तिने ज्यांना बोलावून आणले, त्यांनी वर नेऊन ठेवलेल्या उपग्रहातून ती आम्हांला दिसत होती! पुठ्ठ्याच्या यानात खोटे संदेश घेणाऱ्या बाईचा हात आमच्या अकोल्याच्या गच्चीपर्यंत खरोखरच पोहोचला होता. इतिहासाचा अध्यापक म्हणून मी कार्यकारणाच्या बाबतीत सावध असतो. निकोल्स नसती तर उपग्रह गेला नसता असे मी म्हणणार नाही. तो कोणीतरी नेलाच असता. ब्लूफर्डही स्वतःच्या गुणांवर गेला. तो हवाई दलाचा वैमानिक होता, अभियांत्रिकीतला डॉक्टर होता. पण ज्या रांगेत तो आणि त्याचे सोबती उभे राहिले, ती रांग लांब करण्यात तिचा हात होता, एवढे नक्की.

त्याच तुकडीतला दुसरा काळा तरुण होता रोनाल्ड मॅकनेअर. दक्षिण कॅरोलिनातला, गरीब घरचा, पुढे भौतिकशास्त्रज्ञ झालेला. त्याच्या भावाने सांगितले आहे की लहानपणी घरी 'स्टार ट्रेक' लागे तेव्हा इतरांना ती कल्पित गोष्ट दिसे, रॉनला ती होऊ शकणारी गोष्ट दिसे. हा मॅकनेअर २८ जानेवारी १९८६ च्या 'चॅलेंजर'वर होता. म्हणजे आमच्या करड्या पडद्यावर तो दोन फाट्यांचा धूर दिसला, त्यात मास्तरणीबरोबर तोही होता. निकोल्सच्या आवाहनाच्या वेळी निवडल्या गेलेल्या त्या तुकडीतले चार जण त्या दिवशी गेले. आणि ज्या यानाने आमचे चित्र वर नेऊन ठेवले होते तेच यान फुटलेले आम्ही त्याच चित्रात पाहिले.

बाबा आता नाहीत, हे त्यांना सांगायचे राहून गेले. आजी तर फार पूर्वीच गेली. ईसीची ती लाकडी पेटी अमरावतीच्या घरी माळ्यावर आहे. नळी गेली आहे, दारे मात्र अजून सरकतात. वर्गातल्या मुलांना मी ह्या वर्षी पुन्हा तोच तुकडा दाखविला, पण आधी ब्लूफर्डची गोष्ट सांगून. काही जण तरीही हसले. एका मुलीने तास संपल्यावर येऊन विचारले, "सर, तो उपग्रह आता कुठी आहे?"

मी तिला सांगितले की १९९३ पर्यंत, म्हणजे ठरलेल्या आयुष्यापेक्षा अधिक, त्याने काम केले. एवढ्या उंचीवरचे उपग्रह खाली पडत नाहीत. तो अजून वर आहे, मुका, दक्षिणेकडे, पृथ्वीभोवती फिरतो आहे.